टोल्याची टीम आणि आपण बाहेरचे

मी गाव सोडलं त्या दिवशी गावच्या, म्हणजे टोल्याच्या, कबड्डी टीमचा सेमीफायनलचा सामना होता, त्यामुळे मला स्टेशनवर सोडायला बाबा सोडून कुणीही आलं नाही. याचा मला तेव्हा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजून थोडा आहे. न्यूझीलंडला जाणारा टोल्यातला मी पहिला माणूस. वाटलं होतं, निदान ढोलकी वाजेल. वहिनीने ओवाळलं, शेजारणींनी पिशवीत चिवड्याचे पुडे कोंबले, आणि सगळा गाव कबड्डीच्या मैदानाकडे पळाला. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मैदानावरूनच फोन केला. पोहोचलास की कळव म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं की माझे गुडघ्याचे पट्टे कुठे ठेवलेत, कारण माझ्या जागी आता दुसऱ्याला उतरायचं होतं.

मी टीमचा डावा कोपरा होतो, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहायचो. आमच्या मैदानावरून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात आणि खेळताना कुणी मान वर करून पाहिलं तर दादाची शिवी ठरलेली. मला मात्र विमानात बसण्यासाठी आधी रेल्वेने मुंबई गाठायची होती. गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर बाबा एका हाताने माझी बॅग धरून उभे होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइल कानाला लावून स्कोअर विचारत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी मोबाइल खिशात टाकला, खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "जाय. कोपरा खाली नाही राहात. कोनी ना कोनी उभा राहतेच."

हे मला धीर द्यायला म्हणाले की टोमणा मारायला, ते आजतागायत कळलेलं नाही. आता विचारायची सोयही राहिली नाही. मी इकडे आल्यावर तिसऱ्या वर्षी बाबा गेले आणि त्यांची अंत्ययात्रा मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मोबाइलवर पाहिली. नेटवर्क मधेमधे अडकायचं. तिरडी खांद्यावर घेतलेली माणसं तशीच थिजून राहायची आणि मग एकदम पुढे सरकलेली दिसायची. मी फार रडलो त्या दिवशी.

जे टोल्यातच राहिलेत त्यांना टीमबद्दल सांगायची गरज नाही. पण आपण जे बाहेर पडलो त्यांतल्या निम्म्यांची पोरं आता पुण्यात नि सुरतेत जन्मली आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. आमच्या गावाला चांगलं सरकारी नाव आहे, पण सगळे नुसतं टोला म्हणतात. धान कापून झालं, दिवाळीनंतरचे मंडईचे बाजार नि रात्रीच्या दंडारी, म्हणजे नाचगाण्याचे खेळ, उरकले, की कबड्डीचे सामने लागतात. त्यासाठी गावाखालची एक बांधी, म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, निवडायची. धसकटं खरडायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, कोंडा पसरायचा आणि मग तो चिखल पायांनी तुडवायचा. वाळला की पुन्हा पाणी, पुन्हा तुडवणी. पायांना भेगा पडायच्या आणि त्यात कोंडा शिरून आग व्हायची. हे काम मजुरांचं नव्हतं, खेळाडूंचं होतं. तेव्हा टीम चालवणाऱ्या बाबांचा नियमच होता की ज्यानं मैदान तुडवलं तोच टीममध्ये. कुणाचा भाचा सुट्टीला आला आणि फार चांगला खेळतो म्हणून पुढे केला, तर बाबा आधी त्याचे पाय बघायचे. मग तो भाचा दोरीबाहेर बसून चिवडा खायचा.

या नियमाने आम्ही किती सामने हरलो याची मोजदाद नाही. शेजारच्या गावांनी कधीच बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात केली होती. भंडाऱ्याहून, छत्तीसगडातून, कुठून कुठून. सामन्याच्या वेळी बोलेरो यायची, त्यातून पोरं उतरायची, गावाचं नाव छापलेली बनियन चढवायची आणि खेळ संपला की परत बोलेरोत. आमचे म्हातारे त्यांना हसायचे. हरून घरी जाताना हसायचे, पण हसायचे.

बाबांनंतर टीम दादाकडे आली. दादा बोलका नाही. त्याला टीमबद्दल चर्चा करता येत नाही, टीम फक्त चालवता येते. पोट्टे शाळेतून आले की तो त्यांना मैदानात घ्यायचा आणि रेडरचा घोटा कसा धरायचा हे स्वतः मातीत पडून दाखवायचा. चाळिशी उलटल्यावरसुद्धा. हैदराबादला बांधकामांवर माणसं नेणारा एक ठेकेदार वहिनीच्या माहेरचा होता. तो दरवर्षी धान निघालं की दादाला फोन करायचा, सुपरवायझरचं काम आहे, राहायला खोली आहे, चल. दादाचं उत्तर दरवर्षी तेच. सामने होऊन जाऊ दे, टीमचं पाहून घेतो, मग बघू. सामने संपले की उन्हाळा, उन्हाळा संपला की धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे, आणि ते बघायचं राहूनच जायचं. टोल्यातली आपली सगळी पिढी एकेक करून निघाली आणि दादा या एका खुंटीला अडकून गावात राहिला. मला ते बरं वाटायचं. इथे कुणी विचारलं, घर कुठे, तर माझ्या डोळ्यापुढे आधी दादा यायचा, मग भिंती.

इथे मी दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. गाव लहान, वारा फार, आणि बोलायला विषय एकच, रग्बी. सकाळच्या चहाच्या सुट्टीला इथे स्मोको म्हणतात. त्या दहा मिनिटांत गावच्या क्लबचा कोच कसा गाढव आहे, कुणाला खेळवायला हवं होतं आणि कुणाला हाकलायला हवं होतं, याचा रोज निकाल लागतो. पहिली दोन वर्षं मला काडीचं कळायचं नाही. पण माणसं ओळखीची वाटायची. आपल्या पानठेल्यावर बसणारेच, फक्त हिरव्या-पिवळ्या चमकत्या जाकिटातले.

त्यांच्याकडेही बाहेरचे खेळाडू होते. सेमी नावाचा एक फिजीचा माणूस क्लबने आणला होता. शनिवारी तो क्लबकडून खेळायचा आणि बाकीचे दिवस आमच्याच कारखान्यात पोती रचायचा. नोकरी क्लबनेच लावून दिलेली. सेमी आमच्याच टेबलावर बसायचा आणि त्याच्यासमोरच त्याच्यावर चर्चा चालायची. पाय मंदावले, आणखी एक सीझन निघेल का, त्याच्याऐवजी टोंगाचा एक पोरगा मिळतोय, तो वजनाने जास्त आहे. बैलबाजारात दात बघून बोलतात तसं. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, त्याला बिस्किटंही पुढे करायचे. मी एकदा सेमीला विचारलं, तुला राग येत नाही का. तो म्हणाला की ते बोलतायत तोवर मी आहे, बोलायचे थांबले की समजायचं. पुढच्या हिवाळ्यात त्याचा गुडघा गेला आणि क्लबने त्याला मोकळं केलं. जाताना त्याने मला आपली चांगली किटली दिली. स्मोकोत दोन दिवस त्याचं नाव निघालं, मग टोंगाच्या पोराचं सुरू झालं.

हे सगळं मी बघितलं होतं, म्हणून आपल्या टोल्यावाल्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते पहिल्याच मेसेजला माझ्या ध्यानात आलं.

ग्रुप गजाननने काढलेला. गजानन माझा वर्गमित्र, टीममध्ये उजव्या कोपऱ्याशेजारी, उजवा कव्हर खेळायचा, आता पुण्यात गाड्यांच्या कंपनीत आहे आणि आपल्या सगळ्यांत जास्त टोल्यावर प्रेम करतो असं त्याचं स्वतःचं मत आहे. टीमसाठी बनियन, बूट, चहापाणी असलं काही बाहेरच्यांनी मिळून करावं एवढाच हेतू होता, आणि तो चांगलाच होता. दोन वर्षांपूर्वी टीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली, तीही ज्या गावाला आपण हसायचो त्या गावाकडून. कुणीतरी व्हिडिओ टाकला. त्यात आपल्याकडून एक माणूस पंचेचाळिशीचा होता आणि दोघांच्या मिशा फुटायच्या होत्या. दुसरे होतेच कुठे? पुण्याहून, सुरतहून, दुबईहून, सगळीकडून एकदम रडारड सुरू झाली. गावाची इज्जत गेली. दादाला आजची कबड्डी कळत नाही. नागपूरचा डिप्लोमावाला कोच आणा. चार रेडर बाहेरून आणा. अमका नको, तमका आणा. सामना बघायला यायला यांच्यातल्या कुणाला सुट्टी नव्हती, पण कोणाला बसवायचं नि कोणाला उठवायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी भांडलो. भांडायला मला आवडतं, तुम्हाला माहीत आहे. बाबांचा नियम मी लिहिला, ज्यानं मैदान तुडवलं तो टीमचा. वर हेही लिहिलं की टीम आहे म्हणून दादा गावात आहे, टीम काढून घेतली तर तो माणूस तिथे कशाला राहील. त्यावर गजाननने हसण्याची तोंडं टाकली आणि लिहिलं, टीमसाठी कोणी गावात राहते का बे. मी लिहिलं की बाहेरच्या पोरांना आपली बनियन घालून टीम आपली होत नसते. त्याचं उत्तर त्याने आवाजात पाठवलं.

"तू कोन बे बाहेरचा म्हननारा? तूच सगळ्यात बाहेरचा आहेस. आमी तरी दिवाळीले जातो."

मी ते दोनदा ऐकलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

दादा त्या ग्रुपवर होता. सगळं वाचत होता, कारण मेसेजखाली निळ्या खुणा दिसत होत्या. एक शब्द त्याने लिहिला नाही. नंतर कोच नि रेडर बाहेरून आणायचे का यावर मतं घेतली. ग्रुपमधले टोल्यात राहणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आणि त्यातही काहींना मोबाइलवर मत कसं द्यायचं ते समजलं नाही. गावाच्या टीमचं भवितव्य गाव सोडलेल्यांनी ठरवलं आणि सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. असला घोळ फक्त आपणच घालू शकतो. मी दादाला फोन केला. तो शेतातून परतत होता. मी तावातावाने बोलत राहिलो आणि तो नुसता हं हं करत होता. शेवटी म्हणाला की पोट्ट्यांना सांगायचं तेवढं वाईट वाटून राहिलं, बाकी काही नाही.

पुढच्या सामन्यांना टोल्याच्या बांधीत पहिल्यांदाच भाड्याची मॅट अंथरली. नव्या कोचला मातीचं मैदान चालत नव्हतं. तुडवायचं काही उरलंच नाही. खेळाडू सामन्याच्या दिवशी आले, बोलेरोतून. दादाने घडवलेल्या दोन पोट्ट्यांना आपण घेतलं नाही म्हणून शेजारच्या गावाने बोलावून घेतलं, आणि ते दोघं आपल्याच गावाविरुद्ध, आपल्याच बांधीत, त्यांची बनियन घालून खेळले. आपल्या रेडरने त्यांच्यातल्या एकाला मॅटबाहेर फेकलं तेव्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, दुश्मनाले धूळ चारली. तो दुश्मन आमच्या घराला लागून राहतो. तो लहान असताना मी त्याला खांद्यावर बसवून मंडईला नेलेलं आहे.

टीम जिंकली. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मी ते लपवतो. कप आला. ग्रुपवर फोटो आला, त्यात गळ्यात हार घातलेली सात माणसं होती आणि मी मोठं करून करून पाहिलं, एकालाही ओळखत नव्हतो. सामना चालू असताना मी दादाला फोन लावला होता. तो घरी होता. मळणी झालेलं धान पोत्यांत भरत होता. मागून ओरडण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, तू तिथे का गेला नाहीस.

"माहं काय काम आहे तिथं?" तो म्हणाला. "आवाज येऊन राहिला ना इथपर्यंत."

त्यानंतर महिन्याभराने वहिनीचा फोन आला. वहिनी स्वतःहून मला सहसा फोन करत नाही. म्हणाली की भाऊजी, तुमचे भाऊ हैदराबादला जायचं म्हणून राहिले, मलाही घेऊन जातात. मी म्हटलं, ठेकेदाराने फार जोर केला का? वहिनी म्हणाली, "जोर तर तो दरसाल करते. औंदा नाही म्हनायले त्यायले कारनच सापडलं नाही."

शेत त्याने ठेक्याने दिलं. बकऱ्या विकल्या. घराची किल्ली गजाननच्या आईकडे आहे, आणि ती माउली आठवड्यातून एकदा दार उघडून झाडू मारते, देवापुढे दिवा लावते. गजाननला याचं वाईट वाटलं असं तो मला म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं. त्याच्याशी मी आता भांडत नाही. भांडून मिळवायचं काय? आपल्या सगळ्यांना टोल्याची टीम जिंकायला हवी होती, कारण आपण जिथे आहोत तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि वर्षातून एक दिवस तरी गावाचं नाव मोठ्याने घेतलं जावं असं वाटतं. मलाही वाटतं. कपाचा फोटो मीही स्मोकोत दाखवला होता, इथल्या म्हाताऱ्यांना. त्यांनी विचारलं, यातला तुझा भाऊ कोणता.

दिवाळीला मी गेलो. तिकीट नागपूरचं काढायला बसलो आणि लक्षात आलं की नागपूरला उतरून जायचं कुठे? दादाला विचारलं तर म्हणाला, इकडेच ये, टोल्यावर कायले जातेस, तिथं कोन आहे. म्हणून सात वर्षांनी मायदेशी गेलेला मी आठ दिवस हैदराबादच्या कडेला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या आवारात, पत्र्याच्या खोलीत राहिलो. वहिनीने तांदूळ गावाहून आणलेला जपून ठेवला होता, तो माझ्यासाठी काढला. दादाने मला बारा मजले चढवून वर नेलं. त्याच्या हाताखाली ओडिशाची नि छत्तीसगडची पोरं आहेत, ती त्याला उस्ताद म्हणतात. तो त्यांच्याशी चांगलं हिंदी बोलतो. वरून शहर दाखवताना त्याने हात लांब केला तेव्हा मला त्याचे पाय दिसले. बूट होते पायांत, सेफ्टीचे, माझ्या कारखान्यात असतात तसेच. आम्ही दोघांनीही टीमचा विषय काढला नाही. आठ दिवसांत एकदाही नाही. निघताना तो विमानतळापर्यंत आला आणि आत जायची परवानगी नाही म्हणून बाहेरच्या रेलिंगपाशी उभा राहिला. मी वळून पाहिलं तेव्हा तो मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता.

परत आल्यावर इथे सगळ्यांनी विचारलं, घर कसं होतं. मी चांगलं होतं म्हणून सांगितलं. काय सांगणार? दादा गावात होता तोवर माझं जाणं हे नुसतं जाणं होतं, कधीही मोडता येण्यासारखं. परतायला एक माणूस जागेवर होता. आता टोल्यात माझं असं एक कुलूप आहे आणि हैदराबादला एक पत्र्याची खोली आहे, जी इमारत पूर्ण झाली की पाडतील. तुम्ही जे निघालात त्यांना मी विचारतो, तुमचं कुणी राहिलंय का अजून तिथे? राहिलं असेल तर ते कशासाठी राहिलंय हे एकदा नीट विचारून घ्या आणि तेवढ्याला तरी हात लावू नका.

गेल्या आठवड्यात सामन्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली. मी सकाळच्या चहाला बसलो होतो. शेजारी टोंगाच्या पोराला ठेवायचं की काढायचं यावर वाद रंगला होता, ते ऐकत मी मोबाइल उघडला. ग्रुपवर रात्रीतून ढीगभर मेसेज आले होते आणि त्यांत एक भला मोठा मेसेज दादाचा होता. ग्रुप झाल्यापासून त्याचा पहिला. आधी मला वाटलं, कुणीतरी त्याच्या मोबाइलवरून लिहिलंय. पण बोलणं त्याचंच होतं. नागपूरच्या कोचने कव्हर कुठे चुकीचे उभे केले, कोणाला काढा, कोणाला ठेवा, सगळं लिहिलं होतं, कामावरून आल्यावर खोलीत बसून लिहिलं असणार. पानठेल्यावरच्या कुणीही लिहावं तसं. शेवटी होतं, "रेडर बाहेरूनच आना. गावात आता कोन आहे?"

खाली गजाननने अंगठा दिला होता. दुबईवाल्याने दिला होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मी पण अंगठा दिला आणि कामावर गेलो.